मॉड्यूल बदलले, घर अबोल झाले : गृहस्वयंचलनातील बिघाडाचा माग

घरातील दिवे, पंखे, पाण्याचा पंप, दारावरचे संवेदक आणि तापमापक यांना एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे काम करून घेणाऱ्या व्यवस्थेला गृहस्वयंचलन म्हणतात, आणि या साऱ्या उपकरणांचे निरोप ऐकून पुढचा हुकूम देणाऱ्या मध्यवर्ती पेटीला हब असे नाव रूढ झाले आहे. हब दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात निर्णय कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर होतात, त्यामुळे इंटरनेट गेले की घरातले स्वयंचलनही पांगळे होते. दुसऱ्या प्रकारात सगळा कारभार घरातल्याच एका लहानशा संगणकावर चालतो, आणि म्हणूनच तो संगणक अपुरा पडू लागला किंवा नादुरुस्त झाला, तर तो बदलण्याची आणि बदलानंतर उद्भवणाऱ्या अडचणी निस्तरण्याची जबाबदारीही घरधन्यावरच येते. या दुसऱ्या प्रकारातील एका परिचित हबचा संगणक-भाग बदलताना काय बिघडते, का बिघडते आणि बिघाड कोणत्या क्रमाने शोधावा, याचा विचार येथे केला आहे.

पेटी आणि तिच्यातील संगणक

पाउलस स्खाउत्सेन या डच संगणकतज्ज्ञाने २०१३ मध्ये पायथन भाषेत सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्तस्रोत प्रणाली, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता व बदलता येतो अशी प्रणाली, आज या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रणालींपैकी एक असून, तिची मालकी २०२४ पासून स्वित्झर्लंडमधील ‘ओपन होम फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेकडे आहे. प्रकल्पाला व्यावसायिक आधार देणाऱ्या ‘नाबू कासा’ या कंपनीने २०२१ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारून ‘होम असिस्टंट यलो’ नावाचा हब आखला. यलोचे वैशिष्ट्य असे की त्याच्या पेटीतील मुख्य बोर्डवर स्वतःचा संगणक नाही. या बोर्डवर इथरनेटचे तोंड, दोन यूएसबी पोर्ट, एक यूएसबी-सी पोर्ट, एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीसाठी खाच आणि झिगबी रेडिओ अशी सामग्री आहे. प्रोसेसर आणि स्मृती मात्र ‘कॉम्प्युट मॉड्यूल’ नावाच्या वेगळ्या तुकड्यावर असतात आणि तो तुकडा बोर्डवर दाबून बसवावा लागतो. अशा बोर्डला वाहक बोर्ड म्हणतात, कारण त्याचे मुख्य काम मॉड्यूलला वाहून नेणे आणि त्याच्या पिना बाहेरच्या जगाशी जोडणे हे असते.

कॉम्प्युट मॉड्यूल ही इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय कंपनीची निर्मिती आहे. २०१४ मध्ये आलेले पहिले मॉड्यूल आकाराने लॅपटॉपमधील रॅमच्या पट्टीसारखे होते आणि उद्योगांनी आपापल्या यंत्रांत संगणक बसवावा, यासाठी ते तयार करण्यात आले होते. २०२० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत, म्हणजे सीएम४ मध्ये, ही ठेवण पूर्णपणे बदलली : ५५ मिलिमीटर लांब आणि ४० मिलिमीटर रुंद अशा चिमुकल्या तुकड्याच्या तळाशी शंभर-शंभर पिनांचे दोन जोड आले आणि प्रोसेसर म्हणून दीड गिगाहर्ट्‌झ गतीचे चार कॉर्टेक्स-ए७२ गाभे आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सीएम५ ने आकार व जोड तेच ठेवून आत २.४ गिगाहर्ट्‌झचे चार कॉर्टेक्स-ए७६ गाभे दिले. आकार तोच, जोड तेच, त्यामुळे जुने मॉड्यूल काढून नवे बसवले की काम झाले, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु यांत्रिकदृष्ट्या बसणे आणि संगणक म्हणून चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक अडचणींचे मूळ या दोहोंतील अंतरात सापडते.

कोणती ओळख कोठे राहते

मॉड्यूल बदलल्यानंतरच्या बिघाडांना ‘हब बंद पडला’ असे सरसकट म्हटले जाते, पण हब ही एकसंध वस्तू नाही. तिची ओळख चार ठिकाणी विभागलेली असते आणि मॉड्यूल बदलताना त्यांतील एकच ठिकाण बदलते. हे विभाजन नीट समजून घेतले, तर पुढील सारी दुरुस्ती सोपी होते.

पहिले ठिकाण म्हणजे स्वतः मॉड्यूल. इथरनेटचा भौतिक पत्ता, ज्याला मॅक पत्ता म्हणतात, तो मॉड्यूलवर असतो. वाय-फाय आणि ब्लूटूथ असल्यास तेही मॉड्यूलवरच असतात. आणि मॉड्यूलवर सोल्डर केलेली ईएमएमसी ही साठवण असल्यास कार्यप्रणालीही तेथेच नांदत असते. दुसरे ठिकाण म्हणजे वाहक बोर्ड, ज्यावरील झिगबी रेडिओच्या चिपमध्ये घराच्या झिगबी जाळ्याची गुप्त कळ, जाळ्याचा क्रमांक आणि वाहिनी नोंदलेली असते. तिसरे ठिकाण म्हणजे एसएसडी. ती बसवलेली असेल तर नियम, उपकरणांची नावे, इतिहास आणि ॲड-ऑन (पूरक कार्यक्रम) असा सगळा विदासाठा तिच्यावर असू शकतो. चौथे ठिकाण पेटीच्या बाहेर, घरातल्या राउटरमध्ये असते, जेथे अमुक मॅक पत्त्याला अमुक आयपी पत्ता द्यावा अशी नोंद करून ठेवलेली असते.

मॉड्यूल बदलल्यावर रेडिओ जुनाच राहतो, म्हणजे झिगबी जाळे नष्ट होत नाही. एसएसडीही जुनीच राहते, म्हणजे विदा नष्ट होत नाही. पण राउटरच्या दृष्टीने मात्र घरात एक अनोळखी यंत्र येते. एखादी तक्रार समोर आली की ती या चारपैकी कोणत्या ओळखीशी संबंधित आहे, हा प्रश्न आधी विचारावा, कारण चुकीच्या ठिकाणी केलेली दुरुस्ती बहुधा शाबूत असलेली ओळखही पुसून टाकते.

पेटी उघडण्यापूर्वी

बिघाडाचा मोठा वाटा खरेदीच्या वेळीच ठरून जातो. मॉड्यूलच्या नामांकनात त्याचा सारा तपशील असतो : पिढीच्या आकड्यानंतरचा पहिला अंक १ असेल तर बिनतारी सुविधा आहे आणि ० असेल तर नाही, पुढचे दोन अंक रॅम किती गिगाबाइट हे सांगतात, शेवटचे तीन अंक ईएमएमसी किती गिगाबाइट हे सांगतात. म्हणजे सीएम५ च्या पुढे १०४०३२ असे असेल, तर ते बिनतारी सुविधा, ४ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी असलेले मॉड्यूल होय. शेवटचे तिन्ही अंक शून्य असतील तर त्या प्रकाराला ‘लाइट’ म्हणतात आणि त्यावर कोणतीही साठवण नसते. यलोच्या बोर्डवर मेमरी कार्डाची खाच नसल्यामुळे लाइट मॉड्यूल घेणाऱ्याला एनव्हीएमई एसएसडी अपरिहार्य ठरते. एसएसडीशिवाय बसवलेले लाइट मॉड्यूल वीज घेईल, पण सुरू करण्याजोगे त्याला काही सापडणार नाही. तसेच एसएसडीची पट्टी दिसायला सारखी असली, तरी सॅटा पद्धतीची पट्टी या खाचेत चालत नाही, कारण खाचेमागील वाहिनी पीसीआयई ही आहे.

दुसरी पूर्वतयारी बॅकअपची, म्हणजे विदेच्या राखीव प्रतीची. संपूर्ण बॅकअप घेऊन तो हबवरच ठेवणे निरर्थक असते. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावा लागतो. होम असिस्टंटच्या जानेवारी २०२५ च्या आवृत्तीपासून स्वयंचलित बॅकअप कूटबद्ध होतात आणि ते उघडण्याची किल्ली ‘आपत्कालीन संच’ या नावाने वेगळी जतन करावी लागते. किल्ली केवळ जुन्या हबमध्येच असेल आणि तो हब उघडून ठेवलेला असेल, तर हातातला बॅकअप असूनही नसल्यासारखा होतो. याशिवाय जुन्या मॉड्यूलवर असतानाच कार्यप्रणाली अद्ययावत करून घ्यावी, कारण सीएम५ बाजारात येण्यापूर्वीच्या आवृत्त्यांना त्या मॉड्यूलची ओळखच नाही.

तळापासून वर : वीज, जोड आणि बूटलोडर

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण बिघाडाच्या शोधाला तंतोतंत लागू पडते. वीज नसेल तर बूटलोडर चालत नाही, बूटलोडर अडला तर कार्यप्रणाली सुरू होत नाही, कार्यप्रणाली नसेल तर जाळे नाही आणि जाळे नसेल तर मोबाइलच्या पडद्यावर काहीही दिसत नाही. तरीही बहुतेक लोक शोधाची सुरुवात मोबाइलच्या पडद्यापासून, म्हणजे नेमकी उलट्या टोकाकडून करतात.

पहिली तपासणी जोडांची असते. दोनशे पिनांचे हे जोड अत्यंत बारीक असतात, आणि मॉड्यूल एका बाजूने बसले पण दुसऱ्या बाजूने किंचित वर राहिले, तर काही पिना जुळतात व काही जुळत नाहीत. परिणामी वीज येते, दिवा लागतो, पण इथरनेट किंवा एसएसडी सापडत नाही, असे अर्धवट आणि फसवे लक्षण दिसते. वीजपुरवठा पूर्ण तोडून, अंगावरील स्थिर विद्युत एखाद्या भूसंपर्कित धातूला हात लावून उतरवून, मॉड्यूलची दिशा छिद्रांशी ताडून आणि दोन्ही जोडांवर सारखा दाब देऊन मॉड्यूल पुन्हा बसवणे हा या लक्षणावरचा पहिला उपाय होय. यलोसाठी १२ व्होल्ट व २ ॲम्पियरचा पुरवठा ठरवून दिलेला आहे. त्याऐवजी हाताशी असलेला दुसरा ॲडॉप्टर लावला असेल, तर अधिक गतीचे मॉड्यूल भार वाढताच अडखळू शकते, आणि ‘विद्युतदाब कमी’ अशी नोंद कार्यप्रणालीच्या वृत्तांतात उमटते.

यानंतर बूटलोडरची पाळी येते. वीज मिळताच सर्वप्रथम चालणारा आणि कार्यप्रणाली कोठून उचलायची हे ठरवणारा छोटा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर. तो मॉड्यूलवरील ईईप्रॉम या चिपमध्ये असतो. त्याच्यात शोधाचा क्रम एका सोळा-आधारी संख्येने लिहिलेला असतो आणि ती संख्या उजवीकडून डावीकडे वाचली जाते : १ म्हणजे ईएमएमसी किंवा मेमरी कार्ड, ४ म्हणजे यूएसबी, ६ म्हणजे एनव्हीएमई, आणि ‘एफ’ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. उजवीकडचा अंक १ असेल आणि नव्या मॉड्यूलच्या ईएमएमसीवर कोणी आधीच एखादी प्रणाली लिहून ठेवली असेल, तर एसएसडीवर तयार असलेली प्रणाली सोडून मॉड्यूल ती दुसरीच उचलेल. उलट क्रमात ६ नसेलच, तर एसएसडीवर सर्व काही असूनही ती कधीच पाहिली जाणार नाही.

दोन पिढ्यांमधील एक मूलभूत फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. सीएम४ मध्ये सुरुवातीच्या फर्मवेअरचा एक भाग डिस्कवरील बूट विभागात फाइलच्या रूपात असतो आणि तो तेथून वाचला जातो. सीएम५ मध्ये तो सारा भाग ईईप्रॉमच्या आतच सामावलेला आहे आणि डिस्कवरून थेट कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, उचलला जातो. शिवाय प्रत्येक बोर्डवर कोणती चिप कोणत्या वाहिनीवर आहे, याचा नकाशा देणारी ‘डिव्हाइस ट्री’ नावाची फाइल कर्नेलला लागते आणि ती सीएम४ व सीएम५ यांसाठी वेगवेगळी असते. म्हणून सीएम४ साठी पूर्वी लिहिलेली एसएसडी जशीच्या तशी सीएम५ वर लावली आणि तिच्यावरील प्रणाली जुनी असली, तर यंत्र सुरू न होणे हा मॉड्यूलचा दोष नसून नव्या बोर्डचा नकाशा जुन्या प्रणालीकडे नसल्याचा परिणाम असतो.

दिव्यांची भाषा आणि सीरियल कन्सोल

रास्पबेरी पायच्या बोर्डांवरील हिरवा दिवा बूट अडल्यास ठरावीक क्रमाने लुकलुकतो आणि त्या क्रमांचे अर्थ कंपनीने प्रसिद्ध केलेले आहेत. चार आखूड लुकलुकी म्हणजे सुरुवातीची फर्मवेअर-फाइल सापडली नाही. सात आखूड म्हणजे कर्नेल सापडला नाही. आठ आखूड म्हणजे रॅम सुरू करता आली नाही. दोन लांब व एक आखूड म्हणजे बूट विभाग अपेक्षित पद्धतीने आखलेला नाही. आणि चार लांब व चार आखूड म्हणजे फर्मवेअरला हा बोर्ड माहीतच नाही. शेवटचे लक्षण दिसले तर मॉड्यूल दुकानदाराला परत करण्याची घाई न करता प्रणालीची ताजी आवृत्ती लिहून पाहावी.

दिव्यापेक्षा विस्तृत माहिती सीरियल कन्सोलवर मिळते. यलोला एचडीएमआय नाही, त्यामुळे पडदा जोडून पाहण्याची सोय नाही. त्याऐवजी यूएसबी-सी पोर्टमधून केबल संगणकाला जोडून सेकंदाला १,१५,२०० बिट या गतीने टर्मिनल उघडले, की बूटलोडर आणि कर्नेल काय करत आहेत हे ओळीओळीने वाचता येते. बोर्डवरील जंपरची, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या लहान टोपीची, जागा बदलली की हाच पोर्ट वेगळ्या कामासाठी उपलब्ध होतो : संगणकावर ‘आरपीआयबूट’ हे साधन चालवून मॉड्यूलची ईएमएमसी यूएसबी ड्राइव्हप्रमाणे उघडता येते आणि तिच्यावर नवी प्रणाली लिहिता येते. हे काम झाल्यावर जंपर मूळ जागी नेण्यास विसरले, तर मॉड्यूल यूएसबीवरून येणाऱ्या प्रणालीची वाट पाहत राहते आणि सगळे अचूक लिहिलेले असूनही हब सुरू होत नाही.

विदा दोन ठिकाणी सापडते तेव्हा

प्रणाली सुरू झाली, पण पडद्यावर आपले घर न दिसता नव्या वापरकर्त्याचे स्वागत दिसले, तर भीतीचे कारण नाही. त्याचा अर्थ विदासाठा हरवला असा नसून तो वाचला गेला नाही असा असतो. होम असिस्टंटची कार्यप्रणाली डिस्कचे विभाग त्यांच्या नावाने ओळखते आणि विदेच्या विभागाला एकच ठरलेले नाव असते. नव्या मॉड्यूलच्या ईएमएमसीवर प्रणाली लिहिताना त्या नावाचा एक रिकामा विभाग तयार होतो आणि जुन्या एसएसडीवर त्याच नावाचा भरलेला विभाग आधीपासून असतो. अशा वेळी प्रणाली ‘एकाहून अधिक विदा-डिस्क आढळल्या’ असा इशारा देते आणि कोणती डिस्क स्वीकारायची, कोणत्या डिस्कचे नाव बदलायचे हे विचारते. हा प्रश्न न वाचता दिलेले उत्तर महागात पडू शकते. ज्याच्याकडे बॅकअप व त्याची किल्ली आहे, त्याने कोऱ्या प्रणालीवर बॅकअप पुनर्स्थापित करणे हा अधिक निर्धोक मार्ग ठरतो.

धीर धरणेही येथे आवश्यक असते. पहिल्या सुरुवातीस प्रणाली आपले मुख्य घटक इंटरनेटवरून उतरवते आणि त्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. याच काळात वीज तोडणाऱ्यांच्या डिस्कवर अर्धवट फाइली राहतात आणि मुळात नसलेला बिघाड निर्माण होतो. हबच्या ४३५७ या पोर्टवर ‘निरीक्षक’ नावाचे एक साधे पान असते. मुख्य पान ८१२३ या पोर्टवर उघडत नसले, तरी निरीक्षकाचे पान उघडत असेल तर यंत्र, कार्यप्रणाली आणि जाळे हे तिन्ही थर ठीक असून अडचण केवळ वरच्या थरात आहे, हे एका क्षणात सिद्ध होते.

घरात आलेले अनोळखी यंत्र

मॉड्यूल बदलल्यानंतर वारंवार येणारी आणि उगाच घाबरवणारी तक्रार अशी की हब सुरू आहे, दिवे लुकलुकत आहेत, पण मोबाइलमधील ॲपला तो सापडत नाही. याचे कारण मॅक पत्त्यात असते. राउटरमधील डीएचसीपी सेवा प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता वाटते, आणि हबचा पत्ता कायम राहावा म्हणून बहुतेकांनी जुन्या मॅक पत्त्याच्या नावे तो राखून ठेवलेला असतो. नव्या मॉड्यूलचा मॅक पत्ता वेगळा असल्याने राउटर त्याला दुसराच आयपी पत्ता देतो, आणि ॲप मात्र जुन्या पत्त्यावरच दार ठोठावत राहते. राउटरच्या यादीत नवे यंत्र शोधून त्याच्या नावे जुना पत्ता राखून ठेवला की ही अडचण मिटते. तोवर यंत्राचे नाव आणि त्यापुढे ‘डॉट लोकल’ असा पत्ता वापरला, तरी घरच्या जाळ्यात हब बहुधा सापडतो. राउटरमधून बाहेरच्या प्रवेशासाठी पोर्ट वळवलेले असतील, तर तेही नव्या पत्त्यावर आणावे लागतात.

ब्लूटूथचेही असेच आहे. ब्लूटूथचा रेडिओ मॉड्यूलवर असल्याने तो बदलतो, प्रणालीला तो नवा ॲडॉप्टर वाटतो, आणि ज्या उपकरणांनी जुन्या ॲडॉप्टरशी जोडी जमवली होती त्यांची जोडी पुन्हा जमवावी लागते. बिनतारी सुविधा नसलेले मॉड्यूल घेतले असेल, तर ही उपकरणे सापडणारच नाहीत.

रेडिओला हात लावण्यापूर्वी

सर्वांत अपरिवर्तनीय चूक झिगबीच्या बाबतीत घडते. झिगबी ही २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत असून तिच्या जाळ्याला समन्वयक लागतो. यलोमध्ये ही भूमिका वाहक बोर्डवरील रेडिओ पार पाडतो. जाळ्याची १२८ बिटांची कळ घरातील प्रत्येक बल्ब आणि संवेदकाकडे पोहोचलेली असते. मॉड्यूल बदलल्यावर ही कळ रेडिओत तशीच राहते, म्हणून दिवे प्रतिसाद देत नसले तरी जाळे मेलेले नसते. प्रणालीचा रेडिओशी संवाद तुटलेला असतो.

संवाद तुटण्याची कारणे शोधण्याजोगी असतात. सीएम४ मध्ये रेडिओशी बोलणारी यूएआरटी ही क्रमिक वाहिनी मुख्य चिपमध्येच होती. सीएम५ मध्ये हे काम आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे सोपवलेले आहे. त्यामुळे योग्य डिव्हाइस ट्री नसेल तर वाहिनीच दिसत नाही, आणि पुनर्स्थापित केलेल्या नोंदीत जुन्या वाहिनीचा मार्ग लिहिलेला असेल तर तो तपासून दुरुस्त करावा लागतो. ज्यांनी एकाच रेडिओवर झिगबी व थ्रेड या दोन्ही बिनतारी पद्धती चालवण्याचे बहुप्रोटोकॉल फर्मवेअर घातले होते, त्यांच्याकडे त्यासाठीचा ॲड-ऑन पुनर्स्थापित होऊन चालू झालेला आहे का, हे पाहावे लागते. तो नसेल तर रेडिओ आणि प्रणाली वेगवेगळ्या भाषांत बोलत राहतात.

या टप्प्यावर त्रासलेला माणूस झिगबीची जोडणी काढून टाकतो, ती पुन्हा घालतो, आणि पडद्यावर विचारल्यावर ‘नवे जाळे तयार करा’ हा पर्याय निवडतो. त्या क्षणी रेडिओतील जुनी कळ जाऊन नवी तयार होते आणि प्रत्येक उपकरण हाताने पुन्हा जोडावे लागते. छताला लावलेले बल्ब आणि भिंतीतील स्विचबोर्डांच्या मागे बसवलेले रिले यांच्या बाबतीत हे काम किती कष्टाचे आहे, हे सांगायला नको. योग्य पर्याय ‘रेडिओतील सध्याची जोडणी कायम ठेवा’ किंवा ‘बॅकअपमधून पूर्ववत करा’ हा होय. संवाद जुळल्यावर विजेवर चालणारी उपकरणे लवकर परततात; बॅटरीवरचे संवेदक मात्र अधूनमधूनच जागे होतात, त्यामुळे त्यांना काही तास द्यावे लागतात.

उष्णता आणि उपयोगाचा हिशेब

काही बिघाड लगेच न दिसता दुपारी दिसतात. यलोला पंखा नाही. उष्णता धातूच्या उष्माशोषकातून बाहेर पडते आणि चिप व शोषक यांमधील मऊ पॅड ती वाहून नेतो. जुना, दबलेला पॅड नव्या मॉड्यूलवर पुन्हा वापरला तर तो सर्वत्र टेकत नाही. चिपचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ती स्वतःचा वेग कमी करू लागते आणि ८५ अंश ही तिची मर्यादा आहे. चंद्रपूर किंवा नागपूरसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांपर्यंत पोहोचते, तेथे बंद लाकडी कपाटात राउटरशेजारी ठेवलेल्या हबला उरणारी सवलत थोडी असते. सकाळी चपळ आणि दुपारी मंद असा हब दिसला, तर सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधण्यापूर्वी पॅड नवा घालावा आणि पेटी मोकळ्या हवेत आणावी.

शेवटी या खटाटोपाचे मोल किती, हेही पाहिले पाहिजे. झिगबीची वाहिनी सेकंदाला २५० किलोबिट एवढीच असल्याने वेगवान प्रोसेसरमुळे दिवा लवकर लागत नाही. सीएम५ मध्ये यूएसबी ३ आहे, पण ज्या पिनांवर ते आणले गेले त्या सीएम४ च्या काळात कॅमेरा व पडद्यासाठी होत्या आणि यलोचा बोर्ड त्या काळचा असल्याने त्याचे पोर्ट यूएसबी २ च राहतात. खरा लाभ घरच्या घरी आवाज ओळखणे, कॅमेऱ्यांची चित्रे तपासणे आणि मोठ्या इतिहासाचे आलेख काढणे या जड कामांत होतो. ज्या घरात अशी कामे नाहीत, तेथे चालू सीएम४ बदलण्याची निकड नाही. ज्यांना बदल करायचाच आहे, त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, खालचा थर ठीक असल्याची खात्री झाल्यावरच वरच्या थराकडे जावे, ‘नवे जाळे’ हा पर्याय सर्व उपाय थकल्याशिवाय निवडू नये, आणि जुने मॉड्यूल नवा हब काही आठवडे निर्वेध चालेपर्यंत, बॅकअप व त्याच्या किल्लीसह, जपून ठेवावे.